बैठ्या संगणकाची कैफियत

आमच्या घरात वायफायचे लाभार्थी कोण कोण आहेत, ते आधी नोंदवून ठेवतो. टीव्ही आहे. हॉलमधला बल्ब आहे. त्याला आता साधं बटण चालत नाही. वजनकाटासुद्धा आहे. माझं वजन तो नेमकं कोणाला कळवतो, याचा खुलासा अद्याप झालेला नाही. कामाच्या मावशींना तर पासवर्ड माझ्याआधी पाठ झाला. यादीत नाव नाही ते फक्त माझ्या डेस्कटॉपचं. म्हणजे ज्याच्यावर घरातलं खरं काम होतं आणि जो आपली जागा सोडून कधी कुठे गेला नाही, त्याचं. तुमच्याकडेही असंच असणार, म्हणून तर तुमच्याशी बोलतोय. चहा घ्या.

मूळ अन्याय राउटरच्या जागेपासून सुरू होतो. फायबर जोडायला आलेल्या मुलाकडे ड्रिल होतं आणि वेळ नव्हता. दाराच्या वर वायर जिथून सहज आत येत होती तिथे त्याने भोक पाडलं आणि चपलांच्या रॅकवर राउटर ठोकला. "काका, रेंज घरभर मिळते," म्हणाला आणि सही घेऊन गेला. त्यामुळे आज आमच्या घरात सर्वात वेगवान इंटरनेट चपलांना मिळतं. तिथून माझ्या टेबलापर्यंत दोन भिंती, एक आरसीसीचा कॉलम आणि सासूबाईंचं लोखंडी कपाट. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण भिंत दिसली की तिचा धीर सुटतो. २.४ गिगाहर्ट्झवाली भिंतीतून बरी जाते, पण तिथे एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच: १, ६ आणि ११. आणि आमच्या विंगमध्ये राउटर नसलेलं बिऱ्हाड एकही नाही. त्यात मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात चालतो. ही दूध गरम करायला ठेवते आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा चेहरा अर्ध्या वाक्यावर, तोंड उघडं, तसाच थिजतो.

तेव्हा डेस्कटॉपला जोडणी देण्याबाबत रीतसर कार्यवाही सुरू केली. पहिला अर्जदार डोंगल. नखाएवढी वस्तू, खोक्यावर मात्र रॉकेटचं चित्र. तो लावल्यावर संगणक म्हणाला, ड्रायव्हर लागेल, इंटरनेटवरून उतरवून घ्या. इंटरनेट असतं तर डोंगल कशाला आणला असता, हे त्याला कोण सांगणार? खोक्यात एक सीडीही होती. पण सीडी घालायची जागा संगणकांतून गेली त्याला बरीच वर्षं झाली. शेवटी ड्रायव्हर फोनवर उतरवून घातला, तर वेग मरतुकडाच. दुकानदाराने शांतपणे विचारलं, "मागच्या निळ्या पोर्टात लावलाय का?" ते निळं यूएसबी ३ पोर्ट म्हणे स्वतःच २.४च्या आसपास गोंगाट करतं. उपाय काय, तर डोंगल लांब ठेवायला एक एक्स्टेन्शन केबल घ्या. वायर नको म्हणून घेतलेल्या वस्तूला वायर.

मग आतलं कार्ड. भाचा याच क्षेत्रातला. त्याने कॅबिनेट उघडलं, वर्षानुवर्षांची धूळ माझ्या अंगावर फुंकली आणि कार्ड बसवलं. ब्लूटूथ चालावं म्हणून त्या कार्डालाही आतून एक वायर जोडावी लागते, हे तेव्हा कळलं. अँटेना मागच्या बाजूला. त्याच्यापुढे कॅबिनेटचा पत्रा, वर टेबल, मागे भिंत. तिथे बसून त्या अँटेनाने चपलांच्या रॅककडून काय ऐकायचं?

घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच इंटरनेट नेणारी एक जोडी मिळते. ती थेट भिंतीतल्या सॉकेटात लावावी, एक्स्टेन्शन बोर्डात लावली तर दम सोडते. माझ्या टेबलाखालच्या एकमेव सॉकेटात तो बोर्डच आहे आणि त्यावर अख्खं घर चार्ज होतं. प्रस्ताव अपात्र. घरात जागोजागी जोड-राउटर ठेवायचे, त्या मेशचा विचार निधीअभावी प्रलंबित.

"मामा, लॅन केबल टाका आणि विषय संपवा," भाचा म्हणाला. खरं आहे. शंभर मीटरपर्यंत ती कुरकुरत नाही, मायक्रोवेव्हला भीत नाही. पण टाकायची कुठून? भिंतीवरून नेण्यास हिची हरकत, कारण रंग गेल्याच दिवाळीत दिलाय. जमिनीवरून न्यावी तर बेडरूमचं दार लागत नाही. अखेर दाराखालून जाईल अशी चपटी केबल तात्पुरती मंजूर झाली. मावशींच्या फडक्यात ती पहिल्याच आठवड्यात अडकली आणि टोकाच्या प्लगची ती प्लॅस्टिकची जीभ तुटली. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी असेल. पण ती नसली की प्लग पोर्टात नुसता टेकून राहतो, आणि पंखा पाचवर गेला तरी जागा सोडतो. वर आतल्या आठ तारांपैकी एकीने राजीनामा दिल्याने जोडणी गिगाबिटवरून शंभर मेगाबिटवर आली. तक्रार केली तर ही म्हणाली, "मेल तर येतायत ना?"

सध्याची व्यवस्था अशी: फोन चपलांच्या रॅककडून वायफाय पकडतो आणि चार्जिंगच्या वायरीतून संगणकाला देतो. हे टेदरिंग सर्वांत सुरळीत चाललंय. फोन वायरीला बांधलेला असल्यामुळे तो वाजला की मी टेबलावर गाल टेकवून बोलतो. वायर काढली तर ऑफिस तुटतं.

तुमच्याकडे फायबरवाला यायचा असेल तर एक विनंती आहे. त्याला चहा नंतर द्या. आधी दंडाला धरून आपल्या टेबलापाशी न्या, आणि भोक तिथेच पाडून घ्या.