श्री. उंट, मु. पो. मॉन्ट्रियल, यांस खुले पत्र



आपली ओळख जुनी. शाळेत दांडेकरांच्या कॅमल शाईच्या बाटलीवर आपण होता, आणि युनिफॉर्मच्या खिशावरचे निळे डागही आपल्याच कृपेने. मधे बरीच वर्षं गाठ पडली नाही. आता कळतं की आपली बढती झाली. अमेरिकेच्या अध्यक्षांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, या खटल्यात आपण साक्षीदार आहात. अभिनंदन.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मॉन्ट्रियलच्या डॉ. झियाद नसरेद्दीन यांनी ‘मोका’ नावाची एक पानी चाचणी बनवली. दहाएक मिनिटांचं काम. घड्याळ काढा आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर ठेवा. शंभरातून सात-सात वजा करत उतरा. पाच शब्द ऐका, जरा वेळाने परत सांगा. मग तीन चित्रं : सिंह, गेंडा आणि आपण. एकूण गुण ३०, २६ आणि त्यावर म्हणजे ठीक. विसरभोळेपणाच्या आजाराची चाहूल लवकर लागावी, एवढाच तिचा हेतू. ती बुद्धिमत्तेची परीक्षा नाही, हे खुद्द नसरेद्दीन सांगून दमले.

जानेवारी २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी आधी स्वतःला ‘अतिशय स्थिर प्रतिभावंत’ म्हणवून घेतलं आणि दहा दिवसांत त्यांचे डॉक्टर रॉनी जॅक्सन यांनी पत्रकारांना निकाल वाचून दाखवला : ३० पैकी ३०. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा ३० पैकी ३०. आमच्या दहावीच्या निकालाचे पेढे इतक्या जोरात वाटले गेले नव्हते. उंट ओळखता आला म्हणजे उंटांचा तांडा हाकता येतो, असं राजस्थानातही कोणी म्हणत नाही. पण ते असो. मला त्या परीक्षेपेक्षा परीक्षकाचं कौतुक. जॅक्सन तेव्हा नौदलाचे रिअर ॲडमिरल आणि अध्यक्ष म्हणजे सेनादलांचे सरसेनापती. परीक्षेला बसलेला विद्यार्थीच मास्तरांचा साहेब! अडीच महिन्यांत विद्यार्थ्याने मास्तरांचं नाव मंत्रिपदासाठी सुचवलंही. ते काही मिळालं नाही, हा भाग वेगळा.

आता मुद्द्याचं. मराठीने आपल्या पाठीवर एक शहाणा बसवून ठेवला आहे, तो आपल्याला आठवत असेलच. वासराचं तोंड रांजणात अडकलं. शहाण्याला बोलावलं. तो उंटावरून उतरायला तयार नाही, म्हणून त्याला आत घ्यायला भिंत पाडली. मग तो म्हणाला, वासराची मान कापा. कापली. मुंडकं आतच राहिलं, तेव्हा म्हणाला, आता रांजण फोडा.

हा माणूस १९६४ साली अमेरिकेत होता, याचा लेखी पुरावा आहे. बॅरी गोल्डवॉटर तेव्हा रिपब्लिकन पक्षातर्फे अध्यक्षपदाला उभे होते आणि अण्वस्त्रांबद्दल इतकं सैल बोलत की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. ‘फॅक्ट’ नावाच्या नियतकालिकाने १२,३५६ मनोविकारतज्ज्ञांना टपालाने विचारलं : हा गृहस्थ मनाने पदाला लायक आहे का? २,४१७ जणांनी उत्तर धाडलं. ६५७ म्हणाले लायक, १,१८९ म्हणाले नालायक, आणि ५७१ जण म्हणाले की सांगायला पुरेशी माहिती आमच्याकडे नाही. माझ्या मते त्या सबंध यादीत शुद्धीवर असलेले हेच ५७१. मुखपृष्ठावर अर्थातच ते १,१८९ झळकले. रोग्याला ना तपासलेलं, ना भेटलेलं. तरी कोणी हिटलरपर्यंत तुलना नेली. निवडणुकीत गोल्डवॉटर आपटले, ५० पैकी सहा राज्यं मिळाली. पुढे त्यांनी दावा लावला. १९६८ मध्ये ज्यूरीने त्यांच्या अब्रूच्या नुकसानीची भरपाई म्हणून एक डॉलर दिला आणि संपादकाला आणि नियतकालिकाला मिळून खोडीबद्दल दंड केला ७५,००० डॉलर. तोवर ‘फॅक्ट’ बंद पडलं होतं. वासरू गेलं, रांजणही गेला.

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेला १९७३ मध्ये शहाणपण सुचलं : ज्याला स्वतः तपासलं नाही आणि ज्याची परवानगी नाही, अशा सार्वजनिक व्यक्तीच्या मनाचं निदान जाहीर करायचं नाही. याला गोल्डवॉटर नियम म्हणतात. २०१७ मध्ये २७ तज्ज्ञांनी ट्रम्प यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. नियमापेक्षा लोकांना सावध करणं मोठं, असं त्यांचं म्हणणं. आणि नियम बांधतो तो डॉक्टरांना. बाकीच्यांना मोकळं रान. अमेरिकेत एडिसनला राहणारा माझा मावसभाऊ ट्रम्प यांची जीभ कुठे अडखळली याच्या चित्रफिती पाठवायचा, त्याचा शेजारी बायडन कुठे अडखळले याच्या. दोघेही इंजिनिअर. दोघांचंही निदान पक्कं, फक्त रोगी वेगळा.

बायडन यांच्या बाबतीत मात्र शहाण्याला हसून मोकळं होता येत नाही. २७ जून २०२४ ला अटलांटातल्या अध्यक्षीय वादविवादात जे दिसलं ते पाहायला पदवी लागत नव्हती. मेंदूची चाचणी द्याल का, असं विचारल्यावर ते म्हणाले, माझी परीक्षा तर रोजच होते. २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली. अख्ख्या देशाने नव्वद मिनिटांत जे पाहिलं, ते रोज शेजारी बसणाऱ्यांनी आधी पाहिलं नव्हतं, यावर विश्वास ठेवायला मी आपल्याइतकी सोशीक नाही. तिकडे ही रीत जुनी आहे. ऑक्टोबर १९१९ मध्ये वुड्रो विल्सन यांना अर्धांगाचा झटका आला. पत्नी एडिथ आणि डॉक्टर ग्रेसन (हेही नौदलाचेच) यांनी दार लावून घेतलं, आणि विल्सन मार्च १९२१ पर्यंत अध्यक्ष राहिले.

म्हणजे पाहा, खरा रोगी असतो तेव्हा घरची माणसं पडदा ओढतात, आणि रोगी नसतो तेव्हा बाहेरची माणसं नाडी बघतात. १९६७ मध्ये यावर घटनेची पंचविसावी दुरुस्ती आली. तिच्या चौथ्या कलमानुसार अध्यक्ष काम करण्यास असमर्थ आहेत हे उपाध्यक्ष आणि बहुसंख्य मंत्र्यांनी मिळून लिहून द्यायचं. ज्याने पदावर बसवलं त्याच्याचविरुद्ध! ते कलम आजवर एकदाही वापरलेलं नाही.

आमच्याकडे संसदेचं दार मनाच्या कारणाने बंद करायचं तर घटनेच्या कलम १०२ नुसार सक्षम न्यायालयाने तसं जाहीर करावं लागतं. मोबाइलवरच्या गटाने करून भागत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही बजावतो की नुसता मानसिक आजार आहे म्हणून कोणी विकल मनाचा ठरत नाही. तरी नेता आवडला नाही की आम्ही त्याला तोंडाने ठाण्याला नाहीतर येरवड्याला पोचवतो. तिथल्या मनोरुग्णालयात उपचार घेऊन, बरं होऊन घरी परतणाऱ्या माणसाला ते ऐकून काय वाटत असेल? अमेरिकेत १९७२ मध्ये टॉमस ईगलटन यांनी पूर्वी नैराश्यावर उपचार घेतल्याचं उघड झालं आणि मिळाल्यापासून १८ दिवसांत त्यांची उपाध्यक्षपदाची उमेदवारी गेली. सिनेटर म्हणून मात्र ते पुढे १९८७ पर्यंत काम करत राहिले. दवाखान्यात गेलेला माणूस अपात्र, न गेलेला पात्र!

आणि समजा, नेता वेडा ठरला. मग त्याने खोटं बोललेलं माफ, कारण आजारी आहे. त्याला मत दिलेले माफ, कारण फसले. त्याच्या पुढे माना डोलावणारे तर आधीच माफ. क्रूरपणा, लबाडी, आळस या जुन्या मराठी शब्दांनी जे भागतं, त्याला वैद्यकातलं नाव कशाला?

म्हणून उंटराव, एक विनंती. गुडघे टेका आणि पाठीवरच्या मंडळींना खाली उतरवा. जमिनीवर उभं राहून विचारण्यासारखं बरंच आहे. साहेब दिवसाचे किती तास काम करतात? कागद समोर न धरता पत्रकारांसमोर तासभर बसतात का? त्यांच्या नावाने सह्या कोण ठोकतं? त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरचा वरिष्ठ कोण? यातल्या एकाही प्रश्नाला घड्याळ काढावं लागत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
खालून हाकली जाणारी एक शेळी

ता. क. : ऑगस्ट १९७४ मध्ये रिचर्ड निक्सन राजीनामा देईनात. सिनेटमध्ये तुम्हाला वाचवण्याइतकी मतं आता उरलेली नाहीत, हे तोंडावर सांगायला त्यांच्याच पक्षाचे तिघे गेले. त्यांतले एक बॅरी गोल्डवॉटर होते.