टेकाडांचे नामकरण

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ओहायो आणि मस्किंगम या नद्यांच्या संगमावर वसलेले मेरिएटा हे छोटेसे गाव पाहावयास जाणाऱ्याने लॅटिनची थोडी उजळणी करून जावे हे बरे. कारण तेथील सर्वांत प्राचीन रचना ज्यांनी उभारल्या त्यांची भाषा आज कोणालाच ठाऊक नाही, आणि ज्यांनी त्यांचे बारसे केले त्यांना मात्र लॅटिन येत होते व ते येते हे दाखविण्याची हौसही होती.

१७८८ साली रूफस पुटनम यांच्या नेतृत्वाखाली स्वातंत्र्ययुद्धातील काही माजी अधिकारी येथे वस्तीस आले आणि फ्रान्सने केलेल्या मदतीचे स्मरण म्हणून त्यांनी गावाला मारी आंत्वानेत राणीचे नाव दिले. पुढे पाचच वर्षांत राणीचे शिर धडावेगळे झाले, पण गावाचे नाव शाबूत राहिले.

टेकाड म्हटले की मराठी वाचकास पांढरीचे टेकाड आठवते, म्हणजे माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहिल्याने आपोआप साचलेला मातीचा उंचवटा. मेरिएटाची टेकाडे मात्र माती वाहून आणून मुद्दाम रचलेली आहेत. त्यांतील सुमारे ३० फूट उंचीचे, शंकूच्या आकाराचे आणि भोवती खंदक असलेले दफनटेकाड, म्हणजे मृतांवर रचलेला ढीग, अडीना या प्राचीन संस्कृतीचे मानले जाते. त्याला ‘कोनस’ म्हणजे शंकू हे नाव मिळाले, ज्यात विद्वत्ता भरपूर असली तरी कल्पकता बेताचीच आहे. सपाट माथ्याच्या उंचवट्यांपैकी एक ‘कॅपिटोलियम’ झाला, आणि नदीकडून वर येणारा, दुतर्फा मातीचे बांध असलेला रुंद रस्ता ‘सॅक्रा व्हाया’, म्हणजे पवित्र मार्ग, ठरला. एवढे पावित्र्य बहाल केल्यानंतर १८४० च्या दशकात त्याच बांधांची माती विटा पाडण्यासाठी विकली गेली. विटांना लॅटिन नाव देण्याचे मात्र कोणास सुचले नाही.

मनासे कटलर या धर्मोपदेशकाने टेकाडांवर वाढलेल्या झाडांच्या खोडांतील वर्तुळे मोजून रचनांचे वय काढण्याचा प्रयत्न केला आणि चारशेंवर वर्षांचा हिशेब लावला. पद्धत शास्त्रीय होती, फक्त त्यासाठी झाड आडवे पडावे लागे.

जे उरले ते कसे उरले, हे पाहण्यासारखे आहे. १८०१ पासून कोनसभोवती गावाची दफनभूमी झाली आणि स्वातंत्र्ययुद्धातील अधिकारी तेथे विसावले, तेव्हा नव्या मृतांनी जुन्या मृतांना जणू कुंपणच घातले. कॅपिटोलियमवर सार्वजनिक ग्रंथालय उभे राहिले. हळू बोलावे असा दंडक दोन्ही ठिकाणी असल्याने टेकाडांची झोप फारशी मोडत नसावी. ग्रंथालयाकडे मुदत टळलेले पुस्तक काखेत मारून चढणारा वाचक मात्र सुमारे दोन हजार वर्षांच्या मातीवरून आठवडाभराच्या उशिराची सबब जुळवीत जातो.