त्यातलं कळणारा

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावात, ज्या गल्लीत चार घरी वायफाय आहे तिथे 'त्यातलं कळणारा' एक जण असतोच. वय पंचविशीच्या आसपास, एमएस-सीआयटी झालेली, पोलीस भरतीची तयारी चालू. कधीकाळी कुणाच्या तरी टीव्हीचा गेलेला आवाज त्याच्या हातून परत आलेला असतो. तेवढ्यावर त्याची नेमणूक कायम होते.

"लॅपटॉपला नेट लागंना गेलंय, येऊन जा की," हा निरोप बहुधा पोरीच्या प्रवेश अर्जाची मुदत संपायच्या संध्याकाळी येतो. आल्यावर तो आधी राउटरकडे बघतो. 'एलओएस'चा दिवा लाल असेल तर बाहेरून येणाऱ्या केबलमधून प्रकाशच पोचत नाही. नालीच्या खोदकामात ती तुटलेली तरी असते, नाहीतर वाकलेली. तेव्हा तो "लाईनचा प्रॉब्लेम हाय" एवढं सांगून, अब्रू राखून उठतो. लाल दिवा नसेल तर राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबतो. या अर्ध्या मिनिटात घरात कुणी शिंकतसुद्धा नाही.

दुसरी पायरी म्हणजे एक प्रश्न: "मोबाईलवर चालतंय का?" सगळे एका सुरात "हो" म्हणतात. नवखा इथेच फसतो, कारण वायफायमध्ये नेट नसलं की मोबाईल गुपचूप सिमकार्डच्या नेटवर जातो. मुरलेला गडी घरातल्या प्रत्येकाला मोबाईल डेटा बंद करायला लावतो. आजोबांचं यूट्यूबवरचं कीर्तन तिथेच थांबलं, तर दोष राउटरचा किंवा लाईनचा. कीर्तन चालू राहिलं, तर लॅपटॉपचा.

लॅपटॉपच्या तपासणीत पहिला मान विमानाचं चित्र असलेल्या बटणाचा. घरातलं कुणी अजून विमानात बसलेलं नसलं, तरी फडक्याने पुसताना लॅपटॉप एअरप्लेन मोडमध्ये गेलेला असतो. हे बटण तो हाताआड दाबतो. दिसलं तर पुढच्या वेळी बोलावणार कोण? एवढ्याने भागलं नाही तर नेटवर्क 'फर्गेट' करून पासवर्ड मागतो. तो मागच्या महिन्याच्या कालनिर्णयवर लिहिलेला असतो आणि ते पान आता पापडांच्या डब्याच्या तळाशी असतं. पान सापडलं तरी पहिलं अक्षर कॅपिटल की स्मॉल, यावर दोन पिढ्यांत मतभेद होतात.

वायफायचं नाव यादीत दिसतच नसेल, तर लॅपटॉप जुना आणि राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर लावलेला, अशी गाठ असू शकते. २.४ चालू केलं की नाव उमटतं आणि भिंतीपलीकडेही जरा बरं पोचतं. नाव दिसतं, जोडणीही होते, पण पान उघडत नाही आणि लॅपटॉपचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, म्हणजे राउटरकडून पत्ता न मिळाल्याने लॅपटॉपने स्वतःच एक घेतलेला असतो. "आयपी घेईना गेलाय," असं तो गंभीरपणे जाहीर करतो. हे वाक्य रात्रीपर्यंत गल्लीभर होतं.

नेट लागल्यावर "काय झालं होतं?" याचं उत्तर कायम एकच: "सेटिंग हललं होतं." मोबदला चहा, आणि "आलायस तर काकूचं व्हॉट्सॲप पण बघ" हे जोडकाम. पुढे भरतीत निवड होऊन तो परगावी गेला, तरी सुटका नसते. नेट बंद पडल्याचा फोन तिथेही जातो आणि तिकडून तो सांगतो, "व्हिडिओ कॉल लावा, बघतो."