अठ्ठावीस मिलिमीटरच्या बायका

आमचा दादा बँकेतून निवृत्त झाला आणि त्याने सैन्य उभारलं. निवृत्त माणसं गच्चीवर कुंड्या लावतात, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलींना जातात, सोसायटीच्या सेक्रेटरीला खरमरीत पत्रं लिहितात. दादाने नेपोलियन मागवला. टपालाने, इंग्लंडहून, कस्टम ड्यूटी भरून. मागोमाग पायदळ आलं, तोफखाना आला, आणि वहिनीच्या जेवणाच्या टेबलाचा पूर्वेकडचा अर्धा भाग कायमचा शत्रूच्या ताब्यात गेला.

ऐतिहासिक वॉरगेमिंग म्हणतात ते हेच. इतिहासातली एखादी लढाई निवडायची, टेबलावर तिचं मैदान मांडायचं, दोन्हीकडची इवलाली सैन्यं उभी करायची, आणि मोजपट्टी, फासे व नियमांचं पुस्तक घेऊन ती पुन्हा लढायची. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे लष्करी शिक्षण म्हणून सुरू केलं. पुढे एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहून त्याचा दिवाणखान्यातला खेळ केला. वेल्ससाहेबांनी उपशीर्षकातच सांगून टाकलंय की हा खेळ बारा ते दीडशे वर्षांच्या मुलग्यांसाठी आहे. शिवाय ज्या मुली जरा जास्त हुशार असून मुलग्यांच्या खेळांत रमतात, त्यांच्यासाठीही. हे ऐकून वहिनी म्हणाली, “दीडशे वर्षांचा मुलगा. अगदी बरोबर लिहिलंय.”

यातला शिपाई साधारण अठ्ठावीस मिलिमीटर उंच, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या पेरापेक्षा किंचित मोठा. मूर्तिकार आधी तो पुट्टीत कोरतो. पिवळी आणि निळी पुट्टी एकत्र मळली की हिरवी होते आणि काही तासांत घट्ट बसते. मग रबराचा गोल साचा, गरगर फिरणारं यंत्र, वितळलेला पांढरा धातू. एवढ्याशा देहावर बिल्ला, पट्टा, काडतुसांची पेटी, पाण्याची बाटली, सगळं असतं; आणि बटणं असतात. या छंदात बटणं मोजणारे अशी एक जातच आहे. दादा त्या जातीतला. बाहीवर चार बटणं हवीत तिथे तीन दिसली की त्याचं जेवण थंड होतं. फ्रेंच पायदळाच्या कॉलरचा रंग १८०९ साली कोणता आणि १८१२ साली कोणता, यावर तो परदेशातल्या कुणाशी तरी रात्री अकरा वाजता फोनवर वाद घालत असतो.

आणि इतक्या काटेकोर माणसांच्या कॅटलॉगात वर्षानुवर्षं बाई कशी होती? पुरुष योद्धा गळ्यापासून घोट्यापर्यंत साखळ्यांच्या चिलखतात, डोक्याला शिरस्त्राण, हातमोजे, खाली जाड रुईचा अंगरखा. शेजारी त्याच लढाईतली, त्याच बर्फातली बाई. तिच्या अंगावर साखळ्यांची चोळी, पोट उघडं, मांड्या उघड्या, केस वाऱ्यावर, पायात मात्र उंच टाचांचे बूट. मी एकदा दादाला विचारलं, “अरे, हिला थंडी वाजत नाही का?” तो भिंगातून बघत म्हणाला, “तो काल्पनिक विभाग आहे गं. राक्षस वगैरे.” म्हणजे राक्षसाला पूर्ण कपडे होते, हे त्याने सांगितलं नाही. ते मी पाहिलं.

छातीचे उभार ठोकून काढलेलं लोखंडी चिलखत हाही तसलाच प्रकार. कुणाही लोहाराला विचारा, तो सांगेल की मध्ये अशी दरी ठेवली की आलेला वार घसरून थेट छातीच्या हाडावर येतो. चिलखताचा सगळा डाव वार बाहेर घसरवण्याचा असतो. गंमत अशी की खरोखरचं अचाट चिलखत इतिहासात सापडतं ते पुरुषांचं. रोमन सेनापती कोरलेल्या स्नायूंची कवचं घालत, पोटाला बेंबीसकट. आणि लंडनच्या टॉवरमध्ये आठव्या हेन्रीचं १५४०च्या सुमाराचं चिलखत उभं आहे, त्याला कमरेखाली पुढच्या बाजूला जो भरघोस लोखंडी फुगवटा काढलाय, तो पाहून शाळेच्या सहली अजूनही खिदळतात. तिथे ऐतिहासिक अचूकतेबद्दल कुणी शंका घेत नाही.

हल्ली हे बदलतंय. २०१९ साली अमेरिकेतल्या एका सहा वर्षांच्या मुलीने खेळण्यांच्या कंपन्यांना पत्र पाठवून विचारलं की तुमच्या हिरव्या प्लॅस्टिकच्या सैनिकांत बायका का नाहीत? पेनसिल्व्हेनियातल्या बीएमसी टॉइज या छोट्याशा कंपनीने ते मनावर घेतलं, आणि पुढच्या वर्षी प्लॅस्टिकच्या बायका बंदुका घेऊन बाजारात आल्या. ब्रिटनमधल्या बॅड स्क्विडो गेम्सने तर विश्वास बसेल अशा स्त्री-सैनिक घडवणं हाच धंदा केला. दादाने त्यांच्यासारख्यांच्या पुड्या मागवायला सुरुवात केली तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

पहिली आली ती लाल सैन्यातली एक रशियन नेमबाज. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजेत सुमारे आठ लाख बायका होत्या. ल्युडमिला पावलिचेन्को या एकटीच्या नावावर ३०९ जणांचा हिशेब आहे. रात्री लाकूड-कापडाच्या दोन आसनी विमानांतून, इंजिन मंद करून, जर्मनांच्या डोक्यावर तरंगत जाऊन बाँब टाकणाऱ्या मुली वेगळ्याच. पण दादाच्या भिंगाखाली होती ती अशी कुणी नामवंत नव्हे. जाड शिवणींचा रुईभरला कोट. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आलेल्या, एक दुमडलेली, दुसरी दुमडायची राहिलेली. कमरेचा पट्टा इतका आवळलेला की त्याखाली कोटाचा घेर गोळा होऊन फुगलाय. बूट पायांपेक्षा मोठे. पाऊल कुठे संपतं आणि बूट कुठे, ते नीट कळत नाही. मूर्तिकाराने एवढंच केलं होतं. छाती नाही, लांब केस नाहीत. आणि तरी मी तिला लगेच ओळखलं, कारण कॉलेजात एनसीसीची पँट मिळाली होती तेव्हा मीही अशीच दिसत होते. ती पँट माझ्याहून दोन मापं मोठी होती आणि सेफ्टी पिनांच्या भरवशावर सबंध परेड उभी होती.

या रशियन मुलींना खरंच पुरुषांचेच कपडे मिळत, आतले धरून. स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी अशा शेकडो जणींच्या मुलाखती घेऊन १९८५ साली पुस्तक केलं, त्यात रणगाडे जेवढे नाहीत तेवढे न बसणारे बूट आहेत.

दादा रंगवायला बसला. तो म्हणाला, “खरी परीक्षा ओठांची. लाल लावलास की संपलं, बाई खंदकातून थेट नाटकात.” त्याने कातडीच्या रंगात तपकिरीचा एक थेंब मिसळला आणि तीन केसांच्या ब्रशने एक रेघ ओढली. डोळ्यांना पांढरा जवळजवळ नाहीच. गालावर थोडी धूळ. पूर्ण झाल्यावर तिला बाकीच्या पलटणीत ठेवली आणि आम्ही हातभर मागे सरकलो. ती दिसेना. म्हणजे होती, पण नऊ पुरुषांत दहावी कोण, ते हातभर अंतरावरून कळेना. दादाचा चेहरा पडला. वीस पौंडांची पुडी! मला मात्र तिथेच या सगळ्या प्रकाराची मेख सापडल्यासारखं वाटलं. मूर्तिकाराला बाई ओळखू यायला हवी असते, आणि इतिहासातल्या कितीतरी बायकांनी तर ओळखू येऊ नये म्हणूनच जिवाचा आटापिटा केला होता.

हॅना स्नेल घ्या. ही इंग्रज बाई जेम्स ग्रे या नावाने फौजेत शिरली आणि १७४८ साली आपल्याकडे पाँडिचेरीच्या वेढ्यात लढली. घरी परतल्यावर १७५०मध्ये तिने स्वतःच सांगितलं तेव्हा लोकांना कळलं. मग पुस्तक निघालं, तिने गणवेश घालून रंगमंचावर कवायत करून दाखवली, पेन्शनही मिळवलं. तिची प्रतिमा टेबलावर हवी असेल तर नवी पुडी नकोच. कोटाची बटणं लावलेला त्या काळचा कुठलाही शिपाई उचला आणि खाली नाव लिहा. बरोबर तशीच तर ती दिसत होती.

आपल्या झाशीवालीचंही तेच. चौकाचौकांतल्या पुतळ्यांत ती नऊवारीत, पाठीशी मूल, घोडा दोन पायांवर. जून १८५८मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे ती पडली तेव्हा घोडेस्वाराच्या वेशात होती, असं त्या वेळचे वृत्तान्त सांगतात. १९४३ साली सिंगापूरला तिच्या नावाने आझाद हिंद फौजेची जी रेजिमेंट उभी राहिली, तिच्यातल्या मुलींनीही कॅप्टन लक्ष्मींच्या मागे खाकी ब्रीचेस आणि टोपी चढवली. साडी आपल्याला लागते. त्यांना बंदूक पेलायची होती. दिवाळीच्या किल्ल्यावर तरी वेगळं काय? मावळे वर तटावर, बुरुजापेक्षा मोठा वाघ गुहेत, आणि बाई म्हणून एक गवळण. तीही पायथ्याशी, डोक्यावर हंडा घेऊन.

स्वीडनमधल्या बिर्का इथल्या थडग्याची कथा मला या सगळ्यात फार आवडते. १८७८ साली ते उकरलं. आत तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, ढाली, दोन घोडे. असा मानकरी योद्धा म्हणजे पुरुषच, हे इतकं उघड होतं की शंभरावर वर्षं तो व्हायकिंग सरदाराचा नमुना म्हणून मिरवला. हाडं पाहून कुणी तरी मध्येच म्हणालंही की ही बाईची दिसतात. ते कुणी कानावर घेतलं नाही. २०१७ साली डीएनए तपासला आणि बाईच निघाली. त्याबरोबर प्रश्नांचा पाऊस. शस्त्रं तिचीच कशावरून? नवऱ्याची नसतील? खरंच लढली असेल का? तोच सांगाडा पुरुषाचा होता तोवर यातलं एकही अक्षर कुणी विचारलं नव्हतं. त्या थडग्यात आणखी एक वस्तू होती: पटावरच्या खेळाच्या सोंगट्यांचा संच. अभ्यासकांनी त्यावरून ती डावपेच जाणणारी असावी असा तर्क केला. दादाला एवढं पुरे झालं. “बघ,” तो वहिनीला म्हणाला, “हजार वर्षांपूर्वीची बाई वॉरगेमिंगचं सामान बरोबर घेऊन गेली.” वहिनी म्हणाली, “तुम्हीही न्या. टेबल मोकळं होईल.”

सध्या घरात खर्ड्याची लढाई चालू आहे. पटवर्धनांच्या सांगलीत राहणाऱ्या माणसाने त्यांच्याच परशुरामभाऊंची लढाई सोडून वॉटर्लूच का लढावं, हा वहिनीचा जुना सवाल होता. मार्च १७९५, जामखेडजवळ, एका बाजूला नाना फडणिसांनी जमवलेले सगळे मराठे सरदार आणि दुसऱ्या बाजूला निजाम अली. या लढाईत निजामाच्या फौजेत जफर पलटण होती, आणि ती बायकांची होती. दोन पलटणी, मिळून दोन हजार जणी. पोशाख ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या जुन्या गणवेशासारखा, खांद्यावर बंदूक, कवायत बऱ्यापैकी. खर्ड्याला त्या बाकीच्या फौजेपेक्षा काही वाईट लढल्या नाहीत, असा शेरा एका इंग्रजाने लिहून ठेवलाय. वहिनीने हे लक्षपूर्वक ऐकलं. “ती फौज तर रात्रीत पळाली ना? म्हणजे बाकीचे पळाले तेवढ्याच याही पळाल्या.” बरोबर. वर पराभवाचं कारण सांगताना इतिहासकार हेही सांगतात की तोफांच्या आवाजाने जनानखाना घाबरला, म्हणून निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. एकाच रात्री त्या छावणीत बायका बंदूक घेऊन उभ्याही होत्या आणि हरण्याचं खापरही बायकांच्याच डोक्यावर फुटलं.

नियमांच्या पुस्तकात प्रत्येक पलटणीला धैर्याचा आकडा द्यावा लागतो. त्यावर फासे टाकून ती टिकली की पळाली ते ठरतं. जफर पलटणीला काय द्यायचा यावर दोन रविवार खल झाला. दादाचं मत एक कमी करावा. वहिनीने तो इंग्रजाचा शेरा पुढे केला आणि आकडा बाकीच्या पायदळाएवढाच लागला. परवा त्या टिकल्या. परशुरामभाऊंचे घोडेस्वार मागे हटले. दादा फासे हातात घेऊन बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळत होता.

कुणा वाचकाला हीच पलटण उभी करायची असेल, तर दादाची रीत सांगते. अठराव्या शतकाच्या अखेरचे कंपनीचे शिपाई घ्या, रंग देण्याआधी अकरा नंबरच्या पात्याने मिशा तासा, वर बारीक कानस फिरवा. पातं स्वतःच्या बोटाकडे धरू नका. गणवेशाला हात लावायची गरज नाही.