आवाज जरा वाढवा

माझा आवाज भारदस्त आहे, हे मला पहिल्यांदा एका यंत्राने सांगितलं. घरची माणसं तोवर "घसा बसलाय का?" एवढंच विचारायची. मी रेडिओवर निवेदक आहे. स्टुडिओतल्या कन्सोलमधून निघालेला आवाज ट्रान्समीटरला पोचण्याआधी ऑडिओ प्रोसेसर नावाच्या पेटीतून जातो. हेडफोन त्या पेटीच्या पुढे जोडला, की कांद्याचे बाजारभाव वाचतानाही आपण शपथविधीला उभे आहोत असं वाटतं. डिजिटल प्रोसेसरला काम उरकायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात कवटीतून आलेला आपला आवाज आणि कानात उशिरा आलेला आवाज यांची टक्कर होऊन सगळं पोकळ वाटतं, म्हणून शहाणे निवेदक प्रोसेसरआधीचा आवाज ऐकतात. मी ऐकत नाही. उशिरा का होईना, मला भारदस्त मीच हवा.

बॉब ऑर्बन यांनी १९७५ साली अमेरिकेत ऑप्टिमोड आणला, त्यानंतर या पेट्या जगभर गेल्या. माणसाच्या आवाजाची लहर म्हणे एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला बुटकी असते. पेटी ती दोन्हीकडे सारखी करून घेते. माझ्या व्यक्तिमत्त्वावर एवढी मेहनत शाळेतसुद्धा कुणी घेतली नव्हती.

आमचं भांडण झालं ते 'स'वरून. एफएममध्ये खरखर कमी व्हावी म्हणून वरच्या कंप्रता प्रक्षेपणाआधी उचलून धरतात आणि ऐकणाऱ्याचा रेडिओ त्या तेवढ्याच खाली बसवतो. हे उचलणं आपल्याकडे ५० मायक्रोसेकंदांच्या मापाने होतं, अमेरिकेत ७५च्या. माप कुठलंही असो, उचललेला 'स' सर्वांत आधी छताला डोकं आपटतो. आणि माझी सुरुवात काय? "सस्नेह नमस्कार, सुजाण श्रोतेहो, शनिवारच्या या सुरेल संध्याकाळी..." आवाजाला छताखाली रोखणाऱ्या लिमिटरचा लाल दिवा विझायलाच तयार नाही. लिमिटर आवळला तर 'सस्नेह' थेट 'थथ्नेह'कडे कलतो, सैल सोडला तर कानात सुया टोचतात. आमचा तरुण तंत्रज्ञ म्हणाला, "सर, 'नमस्कार मंडळी' म्हणा ना." मी त्याला दाखवून दिलं, की नमस्कारातही 'स' आहेच. तो थोडा विचार करून म्हणाला, "मग 'रामराम'?" रामरामाला दिवा खरोखरच लागत नाही. पण ज्या वाक्यावर मी आयुष्य काढायचं ठरवलंय, ते एका लाल दिव्यासाठी सोडू? 'श' तर मी आणखी दोन घातले.

व्यवस्थापकांची तक्रार वेगळी. "गाडीत स्टेशन बदलताना आपलं बारीक वाटतं," हे त्यांचं पालुपद. आता एफएमची वाहक लहर मूळ जागेपासून ७५ किलोहर्ट्‌झपेक्षा जास्त हलवायची नाही, हा नियम सगळ्यांना सारखा. म्हणजे एसटी तेवढीच, फक्त माणसं जास्त कोंबायची. कॉम्प्रेसर हळू आवाजांना वर ढकलतो, क्लिपर उंच टोकं छाटतो. ऑर्बनच्या प्रोसेसरवर 'लेस-मोअर' अशी एकच सोय असते, आणि खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाचा हात 'मोअर'कडेच जातो.

एकदा जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या एका आजींचं ध्वनिमुद्रण त्या 'मोअर'मधून गेलं. त्या ओळ संपवून थांबत, श्वास घेत, पुढची ओळ आठवत. पेटीला ही शांतता म्हणजे रिकामी जागा वाटली. तिने घाईने आवाज वाढवला आणि आजींचा श्वास, पंखा, बाहेरचा कोंबडा हे सगळं ओवीइतकंच मोठं झालं. लेकीला माहेर आठवतं त्या ओळीवर आजी आवाज अगदी खाली नेत. पेटीने तीही ओळ बाजारभावाच्या उंचीवर आणून ठेवली. मला संताप आला. माझं काय, मला फुगवून मिळालेलं चालतं. पण त्या बाईंनी मुद्दाम हळू म्हटलेलं मोठं करायचा अधिकार या पेटीला कुणी दिला?

खरं तर पेटीतच त्यावर उपाय आहे. तिच्यात गेट असतो. आवाज ठरावीक पातळीखाली गेला, की तो वाढवण्याचं काम थांबतं आणि शांतता शांतताच राहते. आम्ही ओव्यांसाठी वेगळा प्रिसेट केला: गेट वर, रिलीज म्हणजे दाबलेला आवाज पुन्हा वर येण्याचा वेग संथ, क्लिपर जवळपास बंद. तो लागला की व्यवस्थापक आजही म्हणतात, "बारीक वाटतंय."

वाटू दे. वाचकहो, तुमच्या रेडिओलाही आवाजाचं बटण आहे. ओव्या लागल्या की तेवढं ते फिरवा.