रंग कोणताही घ्या, जीबी तेवढेच

ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालेल्या माणसाला आधी त्याचा पक्ष विचारला जातो. हिरवा एनव्हिडिया की लाल एएमडी? या निष्ठेत दोन्ही कंपन्यांचं भलं आहे, कारण रंगावरून भांडणारं गिऱ्हाईक आकडे तपासत नाही. 2016 साली जीटीएक्स 1070 आणि आरएक्स 480 या दोन्ही कार्डांवर 8 जीबी मेमरी मिळत होती. 2025 साली आलेली आरटीएक्स 5060 टीआय आणि आरएक्स 9060 एक्सटी ही कार्डंही 8 जीबीपासूनच सुरू झाली. नऊ वर्षांत गेम फुगले. मेमरीनं मात्र कडक पथ्य पाळलं. त्याच नावाचं 16 जीबीचं कार्ड तेव्हा शेजारीच होतं, वर पन्नास डॉलर मोजणाऱ्यासाठी. हाडवैरी इथे सख्खे भाऊ निघाले.

जाणकार म्हणतील, मेमरीनं वेग वाढत नाही. 12 जीबीचं आरटीएक्स 3060 बहुतेक गेममध्ये 8 जीबीच्या 3070च्या मागेच राहतं. खरं आहे, पण मेमरी पुरते तोवरच. टेक्श्चर तिच्यात मावेनासे झाले की ते रॅममधून पीसीआयईच्या वाटेनं आणावे लागतात; मग ऐन गोळीबारात चित्र अडखळतं, नाहीतर भिंतीवरच्या विटा धूसर होतात. फुल एचडीवर नुसतं व्हॅलोरंट खेळणाऱ्याला 8 जीबी खुशाल पुरतात. त्यानं पैसे वाचवावेत. बाकीच्यांनी आधी मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि गेम बघावेत, मग मेमरी, शेवटी ब्रँड. मेमरी नंतर वाढवून मिळत नाही. निष्ठा कधीही बदलता येते, तीही फुकटात.