बोगद्यातला बिचारा

वय पंचेचाळिशीच्या आसपास. गळ्यापर्यंत चढवलेला गडद रंगाचा स्वेटर, गालांवर उतरलेले कल्ले, हातात टॉर्च आणि चेहऱ्यावर कायमची जागरणं. धंदा म्हणाल तर चोरटा माल, खोट्या नोटा, क्वचित एखादा शास्त्रज्ञ पळवणं. कार्यक्षेत्र इंग्लंडचा दक्षिण किनारा. कारकीर्दीची एकूण लांबी पंचवीस मिनिटं, त्यातही मध्ये जाहिराती.

हा मुलांच्या जुन्या ब्रिटिश मालिकांमधला चोर. तो अनेक मालिकांत भेटतो, पण त्याला त्याच्या हक्काच्या घरी गाठायचं असेल तर 1978च्या जुलैत जावं. साउदॅम्प्टनच्या सदर्न टेलिव्हिजननं एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’ पुस्तकांवरून तेव्हा मालिका सुरू केली. ज्यूलियन, डिक, अ‍ॅन ही भावंडं, जॉर्जिना म्हटलं की खवळणारी त्यांची चुलत बहीण जॉर्ज आणि टिमी नावाचा कुत्रा. दोन वर्षांत 26 भाग झाले. पुस्तकं चाळिशी-पन्नाशीतली, पण मालिकेनं पोरांना सत्तरीतल्या बेलबॉटम पॅन्टी घातल्या, नव्या सायकली दिल्या आणि न्यू फॉरेस्टच्या झाडीत सोडून दिलं. त्या पाचांचं कौतुक करायला जगभर माणसं आहेत. मला मात्र बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला पेट्या उचलून कंबर धरलेल्या माणसाबद्दल बोलायचंय. त्याच्या बाजूनं आजवर कोणी वकीलपत्र घेतलेलं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हा माणूस विलक्षण कष्टाळू आहे. मालिकेतली बाकीची मोठी माणसं काय करतात ते बघा. क्वेंटिनकाका शास्त्रज्ञ. देशाच्या भवितव्याचे कागद समुद्रकाठच्या बंगलीत, अभ्यासिकेच्या टेबलावर उघडे टाकून जेवायला जातात आणि जेवताना आवाज केला म्हणून पोरांवर ओरडतात. फॅनीकाकू सँडविचं बांधून देतात आणि चार पोरं निर्जन बेटावर मुक्कामाला निघाली तरी “सांभाळून हं” यापलीकडे जात नाहीत. पोलीस इन्स्पेक्टर शेवटच्या दोन मिनिटांत येतो, तोही दमून. राबतो तो एकटा चोर. रात्री बारा वाजता भरतीची वेळ सांभाळून होडी वल्हवणं, कड्यावरून दिव्याचे इशारे देणं, भुयारातून पेट्या वाहणं, पहाटे पुन्हा निरागस चेहऱ्यानं गावात दूध आणायला जाणं हे सगळं त्याच्याच गळ्यात.

आणि काळ कुठला? 1978-79चा हिवाळा. ब्रिटनमध्ये ट्रकवाल्यांचा संप, लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअरला कचऱ्याचे ढीग, लिव्हरपूलला तर थडगी खोदणारेही घरी बसलेले. ज्या आयटीव्हीवर ही मालिका दिसायची ते चॅनेलसुद्धा 1979च्या ऑगस्टपासून दहा-अकरा आठवडे संपामुळे काळं होतं. सबंध देशात एकाही दिवशी काम बंद न ठेवलेला कामगार शोधायचा झाला तर तो याच बोगद्यात सापडला असता. ओव्हरटाइम नाही, युनियन नाही, आणि बोनस म्हणून पोटरीला कुत्रा.

मग एवढा मेहनती माणूस दर आठवड्याला बुडतो का? त्याला एक जुनाट दुखणं आहे. त्याला गप्प बसवत नाही.

त्याचा एक हस्तक असतो. दणकट, मठ्ठ, लोकरी टोपीवाला. हा हस्तक गेले तीन महिने त्याच भुयारातून त्याच पेट्या वाहतोय. तरीही ऐन मोक्याला साहेब थांबतात, कमरेवर हात ठेवतात आणि त्याला समजावून सांगतात, की बाबा रे, आज रात्री भरती आली की जुन्या गिरणीमागच्या गुहेत होडी लागेल, हिरे आपण परवा चर्चच्या तळघरात लपवलेच आहेत, उद्या सकाळी विमान आलं की आपण देशाबाहेर. हस्तक मान डोलावतो. त्याला यातलं सगळं आधीच माहीत असतं, निम्मं तर त्यानंच पाठीवरून वाहिलेलं असतं. पण खिडकी उघडी असते आणि खिडकीखालच्या झुडपात चार पोरं बसलेली असतात, त्यांना यातलं काहीच माहीत नसतं. साहेबांचं बोलणं संपेपर्यंत कुत्राही भुंकत नाही. एरवी पाखरू उडालं तरी आरडाओरडा करणारा टिमी या वेळी शिस्तीत ऐकतो.

यात त्याचा सगळा दोष आहे असं मी म्हणणार नाही. ब्लायटनबाईंनी पोरांना दोनेकशे पानं दिली होती. तेवढ्यात पावसात भटकावं, पायांचे ठसे मोजावेत, चुकीच्या माणसावर संशय घ्यावा, मध्येच टोमॅटो आणि उकडलेली अंडी खावीत, एवढी सोय होती. टीव्हीवर काही गोष्टींना दोन भाग मिळाले, बाकीच्यांना एकच. त्यात सायकली, समुद्र, सहल, कुत्रा आणि शीर्षकगीत बसवल्यावर तपासाला वेळ राहतो कुठे? तपास नाही म्हणजे पुरावा नाही, पुरावा नाही म्हणजे कबुली हवी, आणि कबुली अटकेच्या आधीच हवी कारण अटकेनंतर पडद्यावर नावं यायला लागतात. तेव्हा पटकथेची सगळी वजनं या माणसाच्या जिभेवर येऊन पडली. तो आपल्या गुन्ह्याचा निवेदकही झाला.

याच बिरादरीत एकानं मौनाचं मोल ओळखलं होतं. ‘स्मगलर्स टॉप’च्या गोष्टीतला नोकर ब्लॉक. हा गडी बहिरेपणाचं सोंग घेतो, त्यामुळे लोक त्याच्यासमोर खुशाल वाटेल ते बोलतात. बाकीचे चोर पोरांना माहिती पुरवतात, हा पोरांकडून घेतो. सबंध धंद्यात एवढी बुद्धी दुसऱ्या कोणी दाखवल्याचं मला आठवत नाही. अर्थात त्याचंही बिंग फुटलंच. तरी मी त्याला बाकीच्यांच्या रांगेत बसवणार नाही.

त्याच्या शेजारी बसेल तर एकटा मास्तर रोलंड. हा क्वेंटिनकाकांच्या कागदांवर डोळा ठेवून नाताळच्या सुट्टीत शिकवणीला आलेला. त्याला टिमी गुरगुरला, जॉर्ज गुरगुरली आणि त्यानं शांतपणे मोठ्यांना पटवून कुत्र्याला थंडीत अंगणात घालवलं. पोरांविरुद्ध मोठ्या माणसांना आपल्या बाजूला वळवणं या धंद्यात अवघड मानलं जातं. शिवाय हा शिकवतो चांगलं. कागद चोरायला आलेला माणूस रोज सकाळी गणितं तपासतो, चुकांखाली रेघा मारतो, हे मला फार हृद्य वाटतं. पैसे दोन्हीकडून घेत असेल, पण कामचुकार नाही.

नाहीतर ते लू आणि टायगर डॅन बघा. सर्कशीतली माणसं. पोरं घोड्यांच्या कारवॅन घेऊन सुट्टीला आली आणि सर्कशीच्या तळाजवळ उतरली, तर या दोघांनी त्यांना दमदाटी करून हाकललं. हाकललेली पोरं टेकडीवर गेली आणि नेमकी कुठे उतरली, तर यांच्या चोरीच्या मालाच्या भुयाराच्या तोंडावर. वर कारवॅन, खाली माल. आता काय करणार? परवा शिव्या घालणारे हे दोघे टेकडी चढून येतात आणि मधाळ आवाजात म्हणतात, बाळांनो, इथे कशाला, खाली तळ्याकाठी या, आमचे हत्ती बघा. मुळात थोडं गोड बोलले असते तर पोरं तळ्याकाठी बसली असती, हत्ती बघितले असते आणि सुट्टी संपवून घरी गेली असती. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर त्या धोंड्याला चारचौघांत नमस्कारही करायचा, अशी ही जात.

तरी माझा सगळ्यात लाडका चोर ‘फाइव्ह गो डाउन टू द सी’मधला. गावोगावच्या कोठारांत खेळ करणारी एक नाटकमंडळी, तिचा मालक, आणि त्या मंडळीतला क्लॉपर नावाचा कापडी घोडा. पुढच्या पायांत एक नट, मागच्या पायांत दुसरा. चोरटा माल लपवायला जगात एवढ्या जागा असताना मालकानं निवडली ती या घोड्याच्या मुंडक्याची पोकळी. कल्पना वाईट नाही. सोंगाच्या घोड्यावर कोण संशय घेणार? पण मग भीती वाटायला लागली आणि इथेच घोडं पेंड खातं. मुंडकं क्षणभरही हातावेगळं करायचं नाही, असा त्यानं पुढच्या पायांच्या नटाला हुकूम दिला. तो बिचारा जेवताना मुंडकं बगलेत घेऊन बसतो. एका हातानं पाव तोडतो, दुसऱ्या हातानं घोडा सांभाळतो. पोरं येऊन म्हणतात, आम्हाला जरा घालून बघू दे ना. तो दचकतो. मुंडकं खुंटीवर टांगलं असतं तर वर्षभर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. इतकं जपल्यावर मात्र ज्यूलियन आणि डिक त्या घोड्यात शिरल्याशिवाय राहतात होय?

एका बाबतीत मात्र या माणसावर खरोखरच अन्याय झाला. तो तोंड उघडतो तेव्हा काय बोलतो याच्याही आधी, कसा बोलतो यावरून तो चोर ठरतो. पोरं बोर्डिंगच्या शाळेतली, त्यांचे उच्चार इस्त्री केलेले. याचे उच्चार गोदीतले, जत्रेतले, नाहीतर परदेशी. दाढी वाढलेली, नखं काळी, जेवताना मचमच. ज्यूलियनला तेवढं पुरतं. हा पोरगा वयानं मिसरूड न फुटलेला, पण बोलायला लागला की जिल्हाधिकारी दौऱ्यावर आल्यासारखं वाटतं. मोठ्या माणसाला “तुम्ही इथून निघालेलं बरं” असं थंडपणे सुनावतो आणि तो मोठा माणूस निघतोही! ब्लायटनवर टीका करणाऱ्यांनी हा वर्गाचा वास केव्हाच ओळखला होता. मालिकेनं कपडे बदलले, तो वास तेवढा शिवणीत राहिला. सभ्य उच्चारांचा चोरही मधूनमधून येतो, पण त्याला किमान पंधरा मिनिटं संशयमुक्त राहता येतं. गोदीतले उच्चार असलेल्याला तेवढीही सवलत नाही.

आणि एवढं होऊन त्यानं सूड तरी कसा घ्यावा? कार्यक्रम मुलांचा, तेव्हा बंदूक असलीच तर धाक दाखवण्यापुरती. पोरं हाती लागली की तो त्यांना तळघरात कोंडतो. तळघराला नेहमी दुसरी वाट असते. ही वाट त्याच्याच धंद्यातल्या पूर्वसुरींनी खोदलेली, स्मगलरांच्या जमान्यातली, आणि ती त्याला सोडून सगळ्यांना सापडते. अ‍ॅनसुद्धा शोधते, जिला एरवी भांडी घासायला बसवलेलं असतं. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे निदान बहुतेकदा एकटा मागे लागतो. एकट्या काटकुळ्या पोराच्या हाती सापडण्यात चोराची थोडी अब्रू राहते, झुंज झाली म्हणता येतं. चार पोरं, कुत्रा आणि डबा घेऊन कोणी मागे लागलं तर ती सहल झाली. सहलीत पकडला गेलेला माणूस तुरुंगात इतर कैद्यांना काय तोंड दाखवत असेल?

1981च्या अखेरीला सदर्न टेलिव्हिजनचा परवाना गेला आणि कंपनीचं दुकान उठलं. पुढच्या वर्षी 2 नोव्हेंबरला चॅनेल फोर सुरू झालं, त्याच रात्री ‘फाइव्ह गो मॅड इन डॉर्सेट’ नावाचं विडंबन लागलं. डॉन फ्रेंच, जेनिफर सॉन्डर्स, एड्रियन एडमंडसन, पीटर रिचर्डसन ही तेव्हाची दंगेखोर तरुण मंडळी पोरं झाली होती. लोकांना त्यातलं जिंजर बियर लक्षात राहिलं, इतकं की त्याबद्दलचा विडंबनातला शब्दप्रयोग ब्लायटनच्याच नावावर खपतो. मला लक्षात राहिले ते चोर. त्यांना लेखकांनी वाक्यंच दिली नव्हती. दोघे चोर नुसतं ब्ला ब्ला ब्ला करतात, मध्ये गुप्त कागद, बेपत्ता शास्त्रज्ञ एवढेच कामाचे शब्द टाकतात, आणि झुडपातल्या पोरांना सगळं समजतं. इतकी वर्षं खिडकीपाशी उभं राहून घसा कोरडा करणाऱ्या माणसाच्या भाषणांची ही किंमत झाली.

एवढ्या फजितीनंतर दुसरा कोणी असता तर धंदा बदलून मासेमारीला लागला असता. पण 1995 साली ‘फेमस फाइव्ह’ची नवी मालिका निघाली, 2023ला बीबीसीनं आणखी एक काढली, आणि दर वेळी नव्या चोरांची भरती झाली. पात्रतेच्या अटी बहुधा जुन्याच असाव्यात. वल्हवता आलं पाहिजे, कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी नको, आणि आवाज खणखणीत हवा.